टिकली तिथं सांधा

मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर
रविवार, दुपार

प्रिय आमरीन,

तुझ्या बंगळूरच्या घरातल्या माझ्या खोलीचा व्हिडिओ मिळाला. खिडकीतून दिसणारं झाड, सुताराकडून करून घेतलेली पुस्तकांची फळी, पलंगाशेजारची ती गुबगुबीत चटई, सगळं पाहिलं. शेवटी कॅमेरा स्वतःकडे फिरवून तू विचारलंस, "अब्बा, कब आ रहे?" आणि उत्तराची वाट न बघता व्हिडिओ बंद केलास. तेव्हापासून तू फोनवर हेच विचारतेस आणि मी कधी नळाला पाणी आलं म्हणून, कधी दारात कुणी उभं आहे म्हणून सटकतो. आपल्या गावात नळाला किती दिवसांआड पाणी येतं हे तुला ठाऊक आहे, त्यामुळे हे कारण किती दिवस पुरणार? आज कागदच पुढ्यात ओढला.

पत्र का, असं तू विचारशील. फोनवर मी मुद्द्यापाशी येईपर्यंत तू तीन विषय बदललेले असतात, म्हणून. आणि मराठीत का, तर आपल्या घराची रीतच तशी पडली आहे. लाड, भांडण, स्वयंपाकघर दखनीत, आणि गणित मराठीत. मी जेवताना मराठीत बोलायला लागलो की तू अम्मीकडे बघून म्हणायचीस, आता अब्बा काहीतरी सिद्ध करणार. तर बाई, आज खरंच एक गोष्ट सिद्ध करायची आहे. तुझ्याकडे यायचं की नाही, हे मला ठरवता आलेलं नाही. ते तू ठरवायचं आहेस, पण सगळं ऐकून घेतल्यावर. उत्तर बघायला एकदम पुस्तकाच्या मागच्या पानावर जायची तुझी सवय मला माहीत आहे. आज तेवढं करू नकोस. ओळीने वाच.

सुरुवात शाळेपासून झाली. मी निवृत्त झालो तरी इंद्रजीत सरांनी मला निवृत्त होऊ दिलेलं नाही. ते आता मुख्याध्यापक झालेत, म्हणजे पूर्वी एका कल्पनेत माझं डोकं खायचे, आता दहा कल्पनांत खातात. मागच्या हिवाळ्यात त्यांनी बोलावून घेतलं. माजी विद्यार्थ्यांनी मैदानावर मुलींना चढायला-लटकायला एक लोखंडी सांगाडा द्यायचं ठरवलं होतं. सरांना नेहमीचं घसरगुंडी-झोपाळा असलं काही नको होतं. बाराही बाजू सारख्या असलेलं काहीतरी करा, म्हणाले, प्रत्येक बाजूवर एका महिन्याची पाटी लावू, ऋतू, सण, पिकं, सगळं त्यावर. मी म्हटलं, बारा सारखे पंचकोन, द्वादशफलक. सरांनी टाळीच वाजवली. एक बाजू जमिनीला टेकणार, ती कुणाला दिसणार नाही, हेही मी सांगितलं. ते म्हणाले, तिथं मे महिना लावू, तेव्हा शाळेला सुट्टीच असते.

मी घरी येऊन पुठ्ठा कापायला बसलो. बारा पंचकोन, कडेला गोंदाच्या पट्ट्या. खूप दिवसांनी हाताला काम मिळालं होतं. द्वादशफलक तयार झाला आणि मी काय केलं असेल? सवयीने प्रत्येक बाजूच्या मधोमध एक टिकली चिकटवली. तुला आठवत असेल, तू चौथीत असताना तुझ्या पहिल्या घनाला आपण अशाच सहा टिकल्या लावल्या होत्या. मग शेजारशेजारच्या टिकल्या मनातल्या मनात आतून दोऱ्याने जोडायच्या. सहा बाजूंच्या घनाच्या पोटातून सहा कोपऱ्यांचा अष्टफलक निघतो, हे तू इतक्या झटकन ओळखलंस की मी पंधरवडाभर स्टाफरूममध्ये तेच सांगत होतो. पुस्तकात त्याला द्वैती म्हणतात. मी वर्गात जोडीदार म्हणायचो, पोरींना ते लगेच कळायचं. कुठंही खड्डा नसलेला कुठलाही असा आकार घ्या, त्याला जोडीदार असतोच. याच्या बाजू तितके त्याचे कोपरे, याचे कोपरे तितक्या त्याच्या बाजू. कडा मात्र दोघांच्या सारख्याच. मग तू विचारलंस, त्या अष्टफलकाच्या आत काय? मी म्हटलं, परत घन. त्याच्या आत? परत अष्टफलक. अम्मी चपात्या करता करता म्हणाली होती, तुम्हा बापलेकीला आत आत जाऊ दिलं तर चपात्यांचं वातड चामडं होईल, आधी जेवा.

या टिकल्या मी अजूनही गुलमंडीवरून आणतो. दुकानदारीणबाई मला ओळखते. मोठ्या, लाल, बिनखड्याच्या, असं सांगितलं की शेजारच्या गिऱ्हाइकाकडे बघून हसते. या वयात एक मुसलमान मास्तर कुणासाठी पाकिटंच्या पाकिटं टिकल्या नेतो, याचं कोडं तिला सुटलेलं नाही आणि मीही सोडवून दिलेलं नाही.

तर तो टिकल्या लावलेला द्वादशफलक पिशवीत घालून मी शेंद्र्याला गेलो. तिथल्या कारखान्यांच्या बाजूला रस्त्यालगत पत्र्याची एक शेड आहे. गेट, ग्रिल, जिने, ट्रॉल्या, वेल्डिंगचं सगळं काम होतं. शेड गजाला बेगम चालवतात. नवरा गेल्यावर त्यांच्या भावाने शेड विकायचा सल्ला दिला होता. त्यांनी सलवारीवर नवऱ्याचा जुना खाकी शर्ट चढवला आणि दुसऱ्या दिवशी शेड उघडली. याला वीसेक वर्षं झाली. मुलगा नोमान नाशिकला नोकरीत आहे. गजाला बेगमचं वय माझ्याहून पाचएक वर्षांनी कमी. आवाज असा की ग्राइंडर चालू असतानाही दुसऱ्या टोकाच्या माणसाला ऐकू जातो. मी पुठ्ठ्याचा नमुना टेबलावर ठेवला, उंची सांगितली, सगळे पाइप सारख्या लांबीचे हवेत हे सांगितलं. त्यांनी तो हातात फिरवून बघितला आणि विचारलं, हे लाल ठिपके ठेवायचे का काढून टाकायचे? आणि मी, तीस वर्षं शिकवलेला माणूस, मोठ्या प्रेमाने म्हणालो, ठेवा, ठेवा, खरी गंमत त्या ठिपक्यांतच आहे.

पुढे काय झालं असेल हे तू ओळखलं असशील. तुझ्या जागी दुसरी कुणी असती तर समजवावं लागलं असतं. मधे मला ताप आला, जाणं झालं नाही. बरं वाटल्यावर गेलो तर शेडसमोर सांगाडा उभा. दणकट, देखणा, पिवळा रंगवलेला. आणि बाजू? सगळ्या त्रिकोणी. वीस. मी त्याच्याभोवती दोन चकरा मारल्या, मोजल्या, चष्मा पुसून पुन्हा मोजल्या. कोपरे बारा, प्रत्येकात पाच पाइप. त्या लोकांनी माझा द्वादशफलक सोडून त्याचा जोडीदार बनवला होता, विंशतिफलक, तोही तंतोतंत.

मी चिडलो. तुला माझं चिडणं माहीत आहे, कान लाल होतात. मी म्हटलं, हे काय केलंत, मी बारा बाजू दिल्या होत्या. तिथले जुने वेल्डर कचरूमामा हातमोजे काढत शांतपणे म्हणाले, "सर, टिकली तुमीच लावली व्हती. आमच्यात खडूची खूण दिसली की तिथं सांधा, ही रीतच हाय. बारा खुणा, बारा सांधे. शेजारच्याला शेजारचं जोडलं. तीस पाइप लागले, तुमच्या डब्याच्याबी कडा तीसच हायेत, मोजून घ्या. मंग चुकलं कुठं?" तीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्या टिकल्या इतक्या मनावर घेतल्या होत्या, आणि मीच त्यांच्यावर ओरडत होतो. मला हसू फुटलं. आधी आवरलं, मग आवरेना. कचरूमामा घाबरून मागे सरकले. गजाला बेगम ओढणी सावरत आल्या आणि म्हणाल्या, "सर, कैकू डोकं गरम करता आणि कैकू हसता? एक काय ते ठरवा. मालात खोट असंल तर सांगा, उद्या तोडून परत बनवते."

मालात खोट नव्हती. उलट मी सांगितलेला सांगाडा झाला असता तर त्यातच खोट निघाली असती. पाइपांचा पंचकोन कितीही पक्का जोडा, पोरी लटकल्या की तो सांध्यांत कुरकुरणार, हळूहळू डुलणार. त्रिकोणाचं तसं नाही, त्याला हलायला जागाच नसते. हे मी दर वर्षी आठवीला शिकवायचो आणि पाट्यांच्या नादात विसरलो होतो. त्यांनाही ते ठाऊक नव्हतं, त्यांनी आपली खुणेबरहुकूम जोडणी केली होती. दोन्हीकडून चूक, आणि माल बरोबर. मी हे सांगितल्यावर गजाला बेगमनी एका पाइपाला दोन्ही हातांनी धरून सगळं वजन टाकून तो हिसडला. सांगाडा ढिम्म हलला नाही. मग मला म्हणाल्या, आता तुम्ही. मीही हिसडला. आम्ही दोघं त्या पिवळ्या सांगाड्याला दोन बाजूंनी लटकलेलो, आणि कचरूमामा गालातल्या गालात हसताहेत, हे दृश्य तू बघायला हवं होतंस.

चहा आला. मी सवयीने विटकरीच्या तुकड्याने फरशीवर लिहून दाखवलं. बाजू आणि कोपरे मिळवा, त्यातून कडा वजा करा. माझ्या पुठ्ठ्याच्या द्वादशफलकाचे बारा आणि वीस, वजा तीस. त्यांच्या सांगाड्याचे वीस आणि बारा, वजा तीस. उरले दोन. घनाचं घ्या, अष्टफलकाचं घ्या, खड्डा नसलेल्या कुठल्याही आकाराचं घ्या, शेवटी दोन उरतात. गजाला बेगमनी एकेका आकड्यावर बोट ठेवून पाहिलं. मग म्हणाल्या, "म्हणजे कितीबी वजा करा, एकटं कुणी उरत नाय. चांगलं हाय तुमचं गणित." आणि कप घेऊन आत गेल्या. आमरीन, हे सूत्र मी किती वर्गांना शिकवलं, पण त्याचा असा अर्थ कुणी लावला नव्हता. घरी येताना मुकुंदवाडीच्या स्टॉपवर उतरायचं विसरलो आणि पुढे जाऊन चालत परत आलो.

इंद्रजीत सरांची समजूत घालणं बाकी होतं. ते आधी कपाळाला हात लावून बसले. बारा महिने कुठं लावू? मी म्हटलं, सर, महिने कुठं गेलेत, बाजूंवरून कोपऱ्यांवर सरकलेत. कोपरे बाराच आहेत. त्यांनी प्रत्येक सांध्याला गोल पाटी लावून घेतली. खालच्या तीन कोपऱ्यांना मे आणि त्याचे दोन शेजारी. आता मधल्या सुट्टीत मुली डिसेंबरवरून फेब्रुवारीवर उडी मारतात आणि जानेवारीवरून भांडतात. गणिताला कधी हात न लावणारी एक धीट पोरगी परवा सगळ्यात वर बसून मला विचारत होती, सर, याच्या आत कोण आहे? मी तिला पुठ्ठा आणि टिकल्यांचं पाकीट दिलं.

इथपर्यंतची गोष्ट तू ऐकून हसली असशील आणि म्हणाली असशील, छान, काम झालं, आता सामान बांधा. पण काम झाल्यावरही मी शेंद्र्याला जातच राहिलो. पहिल्यांदा कारण होतं, पाट्यांचे नट. दुसऱ्यांदा गजाला बेगमनी उरलेल्या सळयांचा छोटा घन करून ठेवला होता आणि विचारलं, याचा जोडीदार आत बसवता येईल का? बसवला. मग उलटं, अष्टफलकाच्या आत घन. आता त्यांच्या टेबलावर अशी चार-पाच लोखंडी बाळं आहेत, येणारं गिऱ्हाईक विचारतं आणि गजाला बेगम मास्तरांपेक्षा चांगलं समजावतात, वर स्वतःचे दोन दाखले घालतात, त्यातला एक नेहमी चुकीचा असतो. मी चूक दाखवली की वाद होतो. मला तो वाद आवडतो. घरी आल्यावरही डोक्यात चालू राहतो, आणि भाजी करपते.

चतुष्फलक तुला आठवतो? चार त्रिकोणांचा. त्याच्या पोटात डोकावलं की पुन्हा चतुष्फलकच निघतो, तोच आपला जोडीदार. तुझी अम्मी, माझी सगीरा, गेल्यावर मी स्वतःला तसाच समजून चाललो होतो. सकाळी मी, दुपारी मी, रात्री भांडी घासतानाही मीच. वाईट चाललं होतं असं नाही. तू रोज फोन करत होतीस, शाळेतली पोरं येत होती. पण घरात दुसऱ्या कुणाचा आवाज नसला की माणूस आपलं खोकणंसुद्धा ऐकत बसतो. तुझ्या अम्मीबद्दल एक गोष्ट सरळ लिहितो, म्हणजे तुला मनातल्या मनात कुढत बसायला नको. तिच्यावर माझं प्रेम होतं, आहे, आणि तिची जागा मी कुणाला देणार नाही. गजालानेही ती मागितलेली नाही. तिलाही तिच्या माणसाचा तो खाकी शर्ट अंगातून काढायचा नाही, आणि मी तो काढायला सांगणार नाही. आम्ही दोघं एकमेकांना आपापल्या गेलेल्या माणसांच्या गोष्टी सांगतो. सगीराची ती चपात्यांची गोष्ट ऐकून गजाला इतकी हसली की कचरूमामांनी ग्राइंडर बंद केला. पाहिलंस, मी आता नुसतं गजाला लिहायला लागलो. खोडत नाही, राहू दे.

तुझा व्हिडिओ आला त्या आठवड्यात मी तिला सांगितलं, मुलगी बोलावतेय, खोली तयार आहे, बहुतेक कायमचं जावं लागेल. ती म्हणाली, अल्लाह खैर करो, मुलीजवळ राहावं माणसानं. आणि चेहऱ्यावर वेल्डिंगची ढाल ओढून कामाला लागली. स्वतः वेल्डिंग ती कित्येक वर्षं करत नव्हती, तिचे डोळे दुखतात. संध्याकाळी पाहिलं तर दोन गेटं उलटी जोडली होती. कचरूमामा मला शेडबाहेर घेऊन गेले आणि म्हणाले, "सर, तुमी जाणार असाल तर लवकर जा, नायतर राहा. मधल्या मधी माझा माल वाया चाललाय."

मग मी विचारलं. कसं विचारलं ते लिहायची लाज वाटते, पण तू नाहीतरी खोदून काढशीलच. मी सूत्राने सुरुवात केली, दोन उरतात वगैरे. तिने मला मधेच थांबवलं. म्हणाली, सर, तुमचं गणित रात्रभर ऐकीन, पण ही गोष्ट गणितात नको. "मी पंचावन्न-छप्पनची झाले म्हणून काय रस्त्यावर पडलेय? माझा मोठा भाऊ हाय देवगाव रंगारीला. घरचं मोठं माणूस पाठवा, पैगाम घेऊन, रीतीनं. आणि तुमच्या लेकीला माहीत नसंल तर तेबी नको." भाऊ म्हणजे ओवैसभाई, मक्याची शेती, मिशा पांढऱ्या, बोलणं कमी. शेड विका म्हणणारे तेच. त्यांच्या समोर जायचं म्हणजे थट्टा नाही.

आता तूच बघ माझी अडचण. लग्नाचा पैगाम घरच्या वडीलधाऱ्यांनी न्यायचा असतो. अब्बाजान गेले, फुफी गेल्या, मोठे भाईजान गेले. आपल्या घराण्यात माझ्याहून मोठं आता कुणी उरलं नाही. इंद्रजीत सर हौसेने तयार आहेत, पण ते घरचे नाहीत आणि शिवाय ते तिथं बारा महिन्यांचं भाषण करतील. बरेच दिवस विचार केला, घरचं मोठं माणूस आणायचं कुठून? आणि मग लक्षात आलं की गेली काही वर्षं माझ्या गोळ्यांच्या वेळा कोण सांभाळतं, हिवाळ्यात स्वेटर घाला म्हणून कोण रागावतं, माझ्यासाठी खोली कोण रंगवून घेतं. म्हणून हे पत्र. आमरीन, येत्या सुट्टीत घरी ये, डोक्यावर ओढणी घे, इमरतीचा डबा घे, आणि देवगावला जाऊन ओवैसभाईंना सांग की आमच्या घरातला एक मुलगा आहे, वय एकसष्ट, स्वभावाने बरा, भाजी करपवतो, आणि त्याच्यासाठी तुमच्या बहिणीचा हात मागायला आले आहे. तुझं मन होत नसेल तर तसं लिही. मग देवगावला कुणी जाणार नाही, मी सामान बांधून तुझ्याकडे येईन आणि त्या खिडकीतल्या झाडाखाली कुरकुर न करता राहीन. पण आलीस, तर माझी मोठी होऊन ये. त्या दिवशी मी तुझ्या मागे उभा राहीन, मान खाली घालून, आणि तू विचारल्याशिवाय एक शब्द बोलणार नाही.

तुझाच,
अब्बा